सातवं पाणी

माझ्या हातांचा मला गर्व आहे. तोंडाचा नाही. ते नको तिथे उघडतं आणि हवं तिथे मिटतं, असं आमचे सर म्हणायचे आणि त्यात तथ्य होतं. पण हात चांगले आहेत. उंदराचं आतडं न फाडता उलटं करून द्या म्हटलं, तर आमच्या अख्ख्या संस्थेत ते माझ्याशिवाय कुणाला जमत नसे. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. कुठे शिकले, ते मात्र मी तिथे तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही.

शहराला तेव्हा कॉम्प्युटर झाला होता. साथीत सर्दी व्हावी तसा तो घरोघरी होत होता. आमच्या बिबवेवाडीत किराणा दुकानाच्या वर एक क्लास निघाला, मग चक्कीच्या मागे दुसरा निघाला. माझ्या वर्गातल्या ज्या मुलींनी बी.एस्सी.ला माझ्या वह्या उतरवून काढल्या, त्यांनी सहा-सहा महिन्यांचे कोर्स केले आणि गळ्यात ओळखपत्र लटकवून हिंजवडीला जायला लागल्या. माझा धाकटा भाऊही हिंजवडीला जाणाऱ्यांत होता. त्याची कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावर यायची, काचा बंद आणि आत गारवा. शेजारच्या मावशी मला विचारायच्या, "भाऊ कंपनीत, आणि तू गं?"

"उंदरांत," मी सांगायचे.

त्या पुढे काही विचारत नसत.

मी एका संशोधन संस्थेत टेक्निशियन होते. प्रयोग ठरवायचे सरांनी, करायचे पीएच.डी.च्या मुलांनी, आणि ते बिघडू नयेत म्हणून मागे उभं राहायचं मी. त्या वर्षांत आमच्याकडे काम चाललं होतं ते पोटातल्या जिवाणूंचं. माझ्या भावाला मी ते एकदा पोळी खाताना समजावलं होतं, तसंच इथे सांगते. चूल पेटली की धूर होतोच. शरीरातही अन्न जळतं आणि त्याचाही एक धूर होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण साठला तर पेशींना काजळी धरल्यासारखं होतं. ती काजळी पुसायला शरीराने काही एन्झाइमं ठेवलेली आहेत. त्यातलं एक कॅटालेज. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर जो पांढरा फेस येतो, तो त्याचाच. दुसऱ्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला एस.ओ.डी. म्हणायचो. आतड्याच्या अस्तरात ही दोन्ही असतात, आणि असायलाच हवीत, कारण जगातलं बरंवाईट सगळं तिथूनच आत येतं.

सरांचा प्रश्न होता की आतड्यात राहणारे जिवाणू या पुसणाऱ्यांच्या कामात काही फरक पाडतात का. भाडेकरू चांगला असला तर मालकही घर नीट ठेवायला लागतो, तसं काही होतं का. त्यासाठी अर्ध्या उंदरांना दह्यातले जिवाणू पाजायचे आणि अर्ध्यांना नाही. काही आठवड्यांनी त्यांची आतडी काढायची, धुवायची, अस्तर खरवडून घ्यायचं, वाटायचं, आणि त्यात एन्झाइम किती काम करतं ते मोजायचं.

यातल्या 'धुवायची' या शब्दाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

माझं होतं. कारण आमच्या घरी रोज सकाळी आतडी धुतली जायची.

माझी आई स्वारगेटजवळच्या दोन खाणावळींना वजडी धुऊन द्यायची. वजडी म्हणजे बोकडाची आतडी आणि पोट. नीट केली तर तिच्यासारखी भाजी नाही, आणि नीट केली नाही तर ती तोंडाजवळ नेववत नाही. सगळा फरक धुण्यात असतो. वडील महापालिकेच्या नोकरीवर जाण्याआधी खाटकाकडून घमेलं आणून ठेवायचे. आई मोरीत पाट टाकून बसायची. एक गुळगुळीत काडी होती तिच्याकडे, बांबूची, माझ्या जन्माच्याही आधीची. आतड्याचं एक टोक त्या काडीवर चढवायचं आणि उशीचा अभ्रा उलटा करतात तसं अख्खं आतडं आतून बाहेर काढायचं. मग मीठ चोळून धुवायचं, पुन्हा चोळायचं, पुन्हा धुवायचं. पाणी कोमट. कढत ओतलं की घाण शिजून चिकटते. मी सात वर्षांची असल्यापासून दुसऱ्या पाटावर बसले आहे. "सात पाणी," आई म्हणायची. सातवं पाणी पडेपर्यंत उठायचं नाही.

नातेवाइकांना हे फारसं आवडायचं नाही. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, आणि गावातल्या मेल्या जनावरांची कामं एका दिवसात टाकून दिली. घरात ती गोष्ट पराक्रमासारखी सांगितली जायची आणि तो पराक्रमच होता. त्यामुळे आत्या एकदा आईला म्हणाली, "बाबांनी ते सगळं सोडलं, आणि तू परत आतडी घेऊन बसलीस?"

आई काडीवरून मान वर न करता म्हणाली, "त्यास्नी ते करावं लागत हुतं. म्या करते. ह्यो माझा धंदा हाय."

आत्या गप्प बसली. मी हे वाक्य तेव्हाच पाठ केलं होतं. पण पाठ असणं वेगळं, आणि ते चारचौघांत म्हणायची छाती असणं वेगळं.

संस्थेतल्या पहिल्याच आठवड्यात, जेवणाच्या टेबलावर एकीने विचारलं, "तुमच्या आई काय करतात?" तिच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती, शेजारच्याच्या डब्यात फोडणीचं वरण. माझ्या डब्यात मी त्या दिवशी मुद्दाम बटाट्याची भाजी आणली होती.

"शिवणकाम करते," मी म्हणाले.

हे मला कुठून सुचलं, कोण जाणे. कुणी पुन्हा विचारलं नाही. इतकं साधं खोटं होतं की ते टिकवायला काही कष्टही पडले नाहीत. तीन वर्षं ते तसंच राहिलं, आणि तीन वर्षं माझ्या डब्यात बटाटा, मेथी आणि मटकी यांच्यापलीकडे काही गेलं नाही.

हा उंदरांचा प्रयोग ज्या मुलीचा होता, ती पेठेतली. हुशार, सरळ, आणि कामाला वाघ. मी तिच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून मला ताई म्हणायची आणि काही मागायचं झालं तर आधी 'अहो' लावायची. तिच्यात मला एकच खोट दिसली, आणि ती तिची नव्हती, तिच्या स्वयंपाकघराची होती. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आतडं कधी शिजलंच नव्हतं. आतडं म्हणजे तिच्या लेखी एक रबरी नळी. नळी धुतात तसं ती ते धुवायची. एका टोकाला सिरिंज लावायची, थंड सलाइन सोडायची, दुसऱ्या टोकातून खळकन बाहेर काढायची. झालं. तिच्या आधीच्या मुलानेही तसंच केलं होतं, आणि त्यालाही कुणीतरी तसंच शिकवलेलं.

आकडे मात्र झकास येत होते. दह्याचे जिवाणू पाजलेल्या उंदरांच्या अस्तरात कॅटालेज भरमसाट. नुसतं पेरॉक्साइड टाकलं तरी नळीत फेस काठापर्यंत यायचा. सर खूश होते, आणि सर खूश होणं ही आमच्याकडे पाहायला मिळणारी गोष्ट नव्हती. ते सहसा म्हणायचे, "छान. आता हे खरं आहे का ते बघा." या वेळी त्यांनी नुसतं "छान" म्हटलं.

त्यांना शंका का आली नाही, यालाही कारण होतं. दह्यातल्या त्या जिवाणूंकडे स्वतःचं कॅटालेज सहसा नसतंच. तेव्हा फेस येतोय तो जिवाणूंचा असणार नाही, उंदराचाच असणार, असा त्यांचा सरळ हिशोब होता. पुस्तकी हिशोब म्हणून तो चोख होता. पण आतड्यात फक्त आपण पाजलेलेच जिवाणू असतात असं थोडंच आहे? तिथे आधीपासूनची अख्खी वस्ती असते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे कॅटालेज असतं.

एका सकाळी तिला हात कमी पडले म्हणून तिने मला आतडं धरायला सांगितलं. मी सवयीने अंगठा फिरवला, आणि अंगठा सरकला. पाजलेल्या उंदराचं आतडं होतं. न पाजलेल्याचं धरून पाहिलं. ते कमी सरकत होतं. दह्याच्या उंदरांच्या अस्तरावर बुळबुळीत थर जाड होता, आणि एका पाण्यात तो हललाही नव्हता. त्या थरात कोण राहतं, ते मला मोरीतल्या पाटावर कळलं होतं. नाव फक्त कॉलेजात कळलं.

म्हणजे आम्ही उंदराचं एन्झाइम मोजत नव्हतो. न धुतलेली वस्ती मोजत होतो.

मी बोलले नाही. हे मी लपवत नाही. तीन आठवडे मी रोज ते आतडं सिरिंजने धुतलं जाताना पाहिलं आणि गप्प राहिले. कारण 'हे स्वच्छ झालेलं नाही' असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता, 'तुम्हाला कसं कळलं?' त्या प्रश्नाच्या पलीकडे मोरी होती, घमेलं होतं, काडी होती. इकडे ती मुलगी प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहायला लागली होती. रोज चार पानं. त्यातला प्रत्येक शब्द चुकीच्या पायावर उभा होता, आणि ते एकट्या मला माहीत होतं. 

शेवटी रविवारी, दुसऱ्या पाटावर बसल्या बसल्या मी आईला विचारलं, "एका पाण्यात होतं का गं आतडं साफ?"

आई हसली. "कुणाचं डोकं फिरलंय?"

मी तिला सगळं सांगितलं. उंदीर, दही, फेस, प्रबंध. तिने मधे एकदाच विचारलं, ते उंदीर नंतर खातात का. मग म्हणाली, "आगं, मंग सांग की त्या पोरीला."

"सांगितलं तर विचारतील ना, कुठे शिकले."

"मंग सांगायचं."

मी मीठ चोळत राहिले. आई थांबली. तिचे हात थांबलेले मी क्वचितच पाहिलेत.

"तू काय सांगितलंयस तिकडं, माझं?"

"शिवणकाम करतेस म्हणून."

तिने हातातलं आतडं पाण्यात सोडलं. मग म्हणाली, "मला सुई ववता येत न्हाय." एवढं म्हणून तिने घमेलं पुढे ओढलं आणि कामाला लागली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मला माझीच इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी नवव्या पाण्यापर्यंत धूत बसले, आणि आईने मला थांबवलं नाही.

सोमवारी मी त्या मुलीला बाजूला घेतलं. "तुझी आतडी धुतली जात नाहीत," मी सांगितलं.

"अहो ताई, प्रोटोकॉलमध्ये एकदाच लिहिलंय."

"प्रोटोकॉल लिहिणाऱ्याने धुतली नसतील."

मी तिला वादात अडकू दिलं नाही. धुऊन झालेलं आतडं घेतलं, पातळ काचेच्या कांडीवर चढवून उलटं केलं, गार सलाइनमध्ये हलवलं आणि ते पाणी नळीत घेऊन त्यात पेरॉक्साइड टाकलं. फेस काठावरून खाली आला. दुसरं पाणी घेतलं, पुन्हा फेस. तिसऱ्यालाही. ती खुर्चीवर बसली. चौथ्या पाण्याला तिने स्वतःच पेरॉक्साइड टाकलं आणि मान फिरवली.

सरांना हे सांगायला आम्ही दोघी गेलो. सरांनी नळ्या पाहिल्या. "रक्तानेही फेस येतो," ते म्हणाले. ते खरं होतं. म्हणून जिवाणू उगवतात का ते बघायला आम्ही त्या पाण्याचे थेंब त्यांचं खाद्य घातलेल्या बशीत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीभर जिवाणूंचे ठिपके होते, कुठे रिकामी जागा नव्हती. सरांनी ती उजेडाकडे धरली, खाली ठेवली, चष्मा काढून पुसला.

"म्हणजे आपण वर्षभर उंदीर बाजूला ठेवून त्याच्या भाडेकरूंची शिरगणती करत होतो," ते म्हणाले. "सुंदर." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही हे कुठे शिकलात?"

"घरी," मी म्हणाले.

ते ऐकून त्यांनी मान डोलावली. बहुधा त्यांना वाटलं असेल की घरी वाचून. मी ते दुरुस्त केलं नाही. प्रबंध वाचवण्यापुरतं खरं बोलले, आईपुरतं नाही.

त्या मुलीने दोन दिवस रजा घेतली. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण हातात नवी वही होती. "शिकवा मला," ती म्हणाली. मी शिकवलं. कांडी कशी धरायची, टोक कसं दुमडायचं, ओढायचं नाही, सोडत न्यायचं. मीठ चोळणं इथे चालत नव्हतं, एन्झाइम बिघडलं असतं. कोमट पाणीही नाही, सगळं बर्फावर. बाकी आईचंच. पहिल्या महिन्यात तिने इतकी आतडी फाडली की मला आईचे रागाचे शब्द तोंडात धरून ठेवावे लागले. मग एक दिवस अख्खं आतडं उलटं होऊन कांडीवर सरसर आलं, आणि ती लहान मुलीसारखी माझ्याकडे पाहायला लागली. तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'सात पाणी.' प्रयोगशाळेत सगळे त्या पद्धतीला तेच म्हणायला लागले.

सगळं पुन्हा मोजायला वर्ष गेलं. कॅटालेजमधला तो भरमसाट फरक जवळजवळ गेला. तो बहुतेक भाडेकरूंचाच होता. पण एस.ओ.डी.चा फरक राहिला. लहानसा, सातव्या पाण्यानंतरही जागचा न हललेला. दह्याच्या उंदरांचं अस्तर खरोखरच थोडं जास्त पुसत होतं, निदान आमच्या उंदरांत तरी. सर त्या आलेखावर बोट ठेवून म्हणाले, "आधीचा फरक मोठा होता. हा आपला आहे." मला तो आलेख माझ्या भावाच्या ओळखपत्रापेक्षा, त्याच्या बसच्या गारव्यापेक्षा मोठा वाटला. हे मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "ताई, तू ग्रेट आहेस," आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

प्रबंधाच्या जाहीर सादरीकरणाला आपल्याकडे घरचे लोक येतात. कुणाला काही कळत नाही, पण सगळे चांगले कपडे घालून येतात आणि नंतर चहा, वडा, पेढा होतो. त्या मुलीने मला सांगितलं, "ताई, तुमच्या घरच्यांनाही आणा. तुम्ही नसता तर हे झालंच नसतं." मी आईला विचारलं. ती इरकल नेसायला काढता काढता म्हणाली, "शिवणवाली म्हणून येऊ का वजडीवाली म्हणून?"

"आई म्हणून ये," मी म्हणाले. उत्तर टाळण्याची ही चांगली रीत आहे. आईला ती कळते.

सभागृहाच्या दारात त्या मुलीची आई उभी होती. मऊ स्वभावाच्या बाई, हातात मोगऱ्याचे गजरे. आईला नमस्कार करून म्हणाल्या, "आपण येणार म्हणून आमची लेक फार खूश होती. आपण शिवणकाम करता ना? ही सांगत होती."

 आईने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"व्हय," ती म्हणाली. "शिवते."

आणि गजरा घेऊन आत जाऊन शेवटच्या रांगेत बसली.

ज्या बाईने आत्याला मान वर न करता गप्प केलं होतं, तिने माझ्यासाठी दारात उभं राहून आपला धंदा नाकारला. सुई ओवता न येणाऱ्या बाईने. मी तिच्या शेजारी बसले तेव्हा मला माझे हात कुठे ठेवावे कळेना.

मुलगी छान बोलली. प्रश्नोत्तरं सुरू झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, आवाज बारीक, प्रश्न धारदार. त्यांनी पद्धतीचं पान उघडलं. "इथे आपण लिहिलंय, सात वेळा धुतलं. सातच का? सहा का नाही? आठ का नाही?"

मुलीने आपल्या कागदांचं पान उलटून पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. मग तिने शेवटच्या रांगेकडे, माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर माहीत नव्हतं. सात हा आकडा मी कधी विचारलाच नव्हता. तो मला आईकडून आला होता.

"काय म्हंतोय त्यो?" आईने माझ्या कानाशी विचारलं.

"सातच पाणी का, म्हणतोय."

"पानी मोजत्यात व्हय?" आई म्हणाली. हळूच म्हणाली, पण तिचं हळू म्हणजे मंडईतलं हळू. समोरच्या दोन रांगा वळल्या.

परीक्षकही वळले. "आपण कोण?" त्यांनी विचारलं.

आईने पदर सावरला. ती पुन्हा 'शिवते' म्हणेल, हे मला दिसलं. माझ्यासाठी ती ते शंभर माणसांसमोरही म्हणाली असती.

मी उभी राहिले. "सर, ही माझी आई," मी म्हणाले. "स्वारगेटच्या खाणावळींना वजडी धुऊन देते. बोकडाची आतडी. मी सात वर्षांची असल्यापासून तिच्याबरोबर धुतली आहेत. ही पद्धत मी पुस्तकातून घेतलेली नाही, हिच्याकडून घेतली आहे. शिवणकाम मी सांगितलं होतं, ते खोटं होतं. हिला सुई ओवता येत नाही."

 मुलीच्या आईच्या हातातला उरलेला गजरा तसाच राहिला. 

परीक्षकांनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं. "मग बाई, झालं हे कळतं कसं तुम्हाला?"

आई उभी राहिली. तिने उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरवून दाखवला. "असं फिरवायचं. निसरडं लागलं तर अजून घाण हाय आत. बोट अडाय लागलं की झालं. कुठलं चार पान्यात हुतं, कुठल्याला आठ लागत्यात. ज्येचं पोट जास्त खाल्लेलं, त्येला जास्त."

परीक्षकांनी पेन उघडलं. "आकडा काढून टाका," ते मुलीला म्हणाले. "बाई सांगतात तसं लिहा. आणि तुमची ती पेरॉक्साइडची चाचणी जोडा, म्हणजे ज्यांना बोट नाही त्यांची सोय होईल." मग आईकडे पाहून त्यांनी हलकेच मान लववली. आईनेही लववली. दोन कारागीर भेटल्यासारखे.

चहाच्या वेळी मुलीची आई आमच्याकडे आली. मला वाटलं, आता काय म्हणतील. त्यांनी उरलेला गजराही आईच्या हातात दिला आणि विचारलं, "मीठ किती वेळ चोळायचं असतं?" त्यांना त्याचा आयुष्यात उपयोग होणार नव्हता. पण त्या पूर्ण उत्तर ऐकेपर्यंत हलल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये मी आईला विचारलं, "मग मला सातच का शिकवलंस?"

"तू कामचुकार हुतीस," आई म्हणाली. "सात सांगितलं तवा कुठं चार व्हायची." मग पिशवीतून गजरे काढत म्हणाली, "लई मोठ्यानं बोल्लीस."

"चुकलं का?"

"न्हाय." तिने दोन्ही गजरे माझ्या केसांत माळले, बस हलत असताना, एकदाही न टोचता.

दुसऱ्या दिवशी मी डब्यात वजडी नेली. झणझणीत, सुक्या खोबऱ्याची, आईच्या हातची. जेवणाच्या टेबलावर डबा उघडला. त्या मुलीने वाकून पाहिलं. खाल्लं नाही, पण खुर्ची माझ्याकडे सरकवून बसली. सर आपला दहीभात घेऊन शेजारून जात होते. ते थांबले, डब्यात डोकावले, आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "किती पाण्यांची आहे?"

"आईची आहे, सर," मी म्हणाले, आणि पहिला घास घेतला.